वर्गाला ‘समजलं का?’ विचारू नका

यंदा इंटर्नशिपला निघालेल्या बी.एड.च्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. एन.सी.टी.ई.च्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत काढायचे आठवडे वीस ठरले, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे म्हणजे शाळेचं जवळजवळ एक सत्र. तेवढ्यात सहावीचा एखादा वर्ग अपूर्णांक नीट शिकू शकतो किंवा गणिताला कायमचा भिऊ शकतो. आपल्या लेखी तो सराव असतो, पण त्या मुलांची सहावी एकदाच येते. हे मनात ठेवूनच वर्गात पाऊल टाका.

मी गणित-विज्ञानाची. घर बेळगावच्या पश्चिमेकडच्या रताळी आणि भात पिकवणाऱ्या गावात, आणि इंटर्नशिप खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं मी दुसऱ्यांचे तास बघून शिकले. काही तास इतके सुंदर होते की तसं शिकवता यावं म्हणून मी आजही धडपडते. काही बघून पोटात तुटलं. नावं कुणाचीच घेत नाही, त्यांची गरजही नाही.

आधी मागच्या बाकावर बसा

सुरुवातीचे दिवस निरीक्षणाचे असतात. निरीक्षण वहीतले रकाने ठरलेले आहेत: प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साधनं. ते भरा, त्याला मार्क आहेत. पण वहीच्या शेवटच्या पानांवर दुसरी नोंद ठेवा आणि ती मुलांची असू दे. तीन मुलं निवडा. एक पुढच्या ओळीतलं, एक मधलं, एक भिंतीकडेचं. चाळीस मिनिटांत ती काय करतात तेवढंच लिहा.

एका तासाला फळ्यावर लसावि चालला होता. शिक्षक मनापासून शिकवत होते, अक्षर मोत्यासारखं. भिंतीकडेचा मुलगा शेजाऱ्याच्या वहीतून पायऱ्या उतरवत होता. शेजारी ट्यूशनला जाणारा, त्याचं गणित आधीच सुटलेलं. सर फिरत मागे आले, भरलेली वही बघितली, ‘व्हेरी गुड’ म्हणाले आणि पुढे गेले. मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला सहाचे पट विचारले, तर तो म्हणाला, “सहा, सोळा, सव्वीस.” त्याची वही पूर्ण होती, लाल शाईत बरोबरची खूण होती, आणि पट म्हणजे काय हे त्याला तिळमात्र माहीत नव्हतं. सरांना ते कळायला काही मार्गच नव्हता, कारण पूर्ण तासात त्या मुलाला बोलावं लागलंच नव्हतं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. मुलाच्या डोक्यात या क्षणी काय आहे हे जो शिक्षक काढून घेऊ शकतो त्याचा तास चांगला. ज्याला ते कळत नाही त्याचा आवाज, चित्रं, पीपीटी कितीही छान असू दे, तास वाया जातो.

‘समजलं का?’ऐवजी काय

आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रश्न ‘समजलं का?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तर, सगळ्या वर्गाचं एका सुरातलं ‘होऽऽय टीचर’. त्या होकारात ज्याला समजलं तो असतो, ज्याला नाही समजलं तोही असतो, आणि ज्याचं लक्षच नव्हतं त्याचा आवाज तर सगळ्यात मोठा. ‘कुणाला शंका?’ हाही तसाच. शंका यायला आधी थोडं समजावं लागतं. ज्याला काहीच समजलं नाही त्याला शंका कुठून येणार?

त्याऐवजी पाटी वापरा. पाट्या नसतील तर वहीचं शेवटचं पान. प्रश्न एकच द्या, उत्तर छोटं असावं, सगळ्यांनी आधी लिहायचं आणि तुम्ही ‘वर’ म्हटल्यावर एकदम दाखवायचं. कुणाचं बघून बदलायला वेळ मिळत नाही. डोळ्यांपुढे पूर्ण वर्ग उघडा होतो.

प्रश्न मात्र असा हवा की चुकीची समजूत असलेलं मूल त्यात अडकेल. दशांश शिकवल्यावर ‘०.५ आणि ०.२ यात मोठं कोणतं’ विचारलंत तर सगळे बरोबर सांगतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. ‘०.५ आणि ०.३५ यात मोठं कोणतं’ असं विचारा. बरीच मुलं ०.३५ लिहितात. कारण विचारलं की सांगतात, “पस्तीस पाचापेक्षा मोठे की!” बघा, मुलाचं तर्कशास्त्र शाबूत आहे. पूर्ण संख्यांचा नियम त्यानं जसाच्या तसा इकडे लावला आहे. इथे ‘चूक, बस खाली’ म्हणणं म्हणजे तो तर्कच मोडून टाकणं.

मी अशा वेळी शिंप्याची टेप काढते. पैशांचं उदाहरण पुस्तकात असतं, पण आताच्या मुलांनी पन्नास पैशांचं नाणं व्यवहारात वापरलेलंच नाही, त्यामुळे ते त्यांच्या उपयोगाचं नाही. टेप प्रत्येकीच्या घरी शिलाई मशीनच्या खणात असते. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर. अर्धा मीटर, म्हणजे ०.५, टेपवर बोट ठेव. पन्नासवर ठेवलंस. आता ०.३५ कुठे? बोट मागे येतं. मुलगी स्वतःच म्हणते, “अय्या, हे लहान हाय!” तिथे मी गप्प राहते. तिनं म्हटलेलं वाक्य मी पुन्हा माझ्या तोंडून म्हटलं तर ते माझं होतं, तिचं राहत नाही.

प्रश्न विचारलात ना, मग थांबा

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून १९७०च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबलं, तर उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. वर्गासमोर उभं राहून मार्गदर्शक सर मागे बसलेले असताना थांबून बघा, युग वाटतं. मनातल्या मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ मोजा. हात वर येतील, तरी लगेच पहिल्या हाताकडे जाऊ नका.

नाव आधी घेऊ नका. ‘अमुक, तू सांग, परिमिती म्हणजे काय?’ म्हटलं की बाकीचा वर्ग सुटकेचा श्वास सोडतो. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. प्रत्येकाला आपलं नाव येईल असं वाटत राहतं, त्यामुळे प्रत्येकजण विचार करतो.

कोण बोलतंय याची मोजणी एखाद्या सोबतिणीकडून करून घ्या. कागदावर वर्गाचा नकाशा काढायचा, बाकं आणि मुलं, आणि जे मूल बोलेल त्याच्या चौकोनात काडी मारायची. तासानंतर तो कागद बघितला की काही समजावून सांगावं लागत नाही. बहुतेक वेळा काड्या पुढच्या दोन ओळींत आणि दारापासून फळ्यापर्यंतच्या तिरक्या पट्ट्यात पडलेल्या असतात, जिथे शिक्षकाची नजर आपोआप जाते. उजव्या कोपऱ्यातल्या मुली कोऱ्या. पाठ निरीक्षणाच्या छापील शेऱ्यांपेक्षा हा कागद मला जास्त शिकवून गेला.

टाचणात एक रकाना वाढवा

टाचणं, म्हणजे तासाची लेखी आखणी, सिनियरकडून उतरवायची पद्धत आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पाठ आखायच्या हर्बार्टच्या जुन्या पायऱ्या असोत नाहीतर आताचा फाइव्ह-ई आराखडा, उतरवलेलं टाचण दुसऱ्याच्या वर्गासाठी असतं. त्यातही सगळ्यात वाईट भाग प्रस्तावनेचा. ‘सकाळी पूर्वेला काय उगवतो? सूर्य आपल्याला काय देतो? प्रकाश नसता तर काय झालं असतं? मग आज आपण काय शिकणार?’ आणि मुलांनी ‘प्रकाशाचं परावर्तन’ ओळखायचं. हा ओळखण्याचा खेळ आहे, शिकण्याशी त्याचा संबंध नाही. हुशार दोन मुलांनी आदल्या दिवशी पुस्तकात पान बघितलेलं असतं, तीच ओळखतात.

सुरुवात खऱ्या अडचणीनं करा. खानापूरला कौलांचे आणि मातीच्या भांड्यांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भौतिक आणि रासायनिक बदलाच्या तासाला मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या: वाळलेल्या मातीचा गोळा आणि फुटक्या कौलाचा तुकडा. दोन्ही पाण्याच्या बादलीत टाकले आणि विचारलं, “तास संपेपर्यंत दोन्हीचं काय होईल ते आधी लिहा.” मग धडा सुरू. शेवटच्या पाच मिनिटांत बादलीत हात घातला. गोळ्याचा चिखल झाला होता, कौल तसंच. माती तीच, पाणी तेच, मग भट्टीत असं काय झालं की ती परत माती होऊ शकत नाही? पुढच्या तासाला काही मुलं घरून ‘वाळलेली वीट’ आणि ‘भाजलेली वीट’ घेऊन आली. मी सांगितलं नव्हतं.

टाचणात जो रकाना वाढवायचा तो हा: ‘मुलं इथे काय चुकीचं म्हणतील?’ प्रत्येक मुद्द्यापुढे निदान एक संभाव्य चूक लिहा आणि ती आली तर तुम्ही काय विचाराल तेही. सुचत नसेल तर शाळेतल्या जुन्या बाईंना विचारा, त्यांना वीस-पंचवीस वर्षांच्या चुका पाठ असतात. सूक्ष्म अध्यापनाचं ३६ मिनिटांचं चक्र आपण कॉलेजात करतो: सहा मिनिटं शिकवणं, सहा प्रत्याभरण म्हणजे बघणाऱ्यांचे अभिप्राय, बारा पुन्हा आखणी, सहा पुन्हा शिकवणं, सहा पुन्हा प्रत्याभरण. त्यात एक कौशल्य सुटं घोटून होतं, ते चांगलंच. पण समोर बसलेल्या वर्गमैत्रिणी मुद्दाम बरोबर उत्तरं देतात. खरी मुलं देत नाहीत, म्हणून हा रकाना.

चुकीतून वाचा

तिसरी-चौथीच्या वह्यांत हे नेहमी दिसतं: ५२ − २८ = ३६. लाल फुली मारायच्या आधी क्षणभर बघा, छत्तीस आले कुठून? आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. मुलानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. त्याच वहीतली आणखी दोन गणितं बघा. ७१ − ३४ चं उत्तर ४३ असेल तर खात्री झाली, ही नजरचूक नाही, ठरलेली पद्धत आहे. अशा मुलाला दहा जास्तीची गणितं घरी दिलीत तर तो तीच चूक दहा वेळा पक्की करून आणेल.

त्याच्या शेजारी बसा आणि ‘मला करून दाखव, बोलत बोलत कर’ म्हणा. मध्ये बोलू नका. मग बांबूच्या काड्या घ्या, दहाची एकेक जुडी, रबर लावलेली. पाच जुड्या आणि दोन सुट्या. अठ्ठावीस काढून दे. तो दोन जुड्या देईल, मग आठ सुट्या शोधेल, हातात दोनच. इथे तो स्वतः जुडीचं रबर सोडतो. ज्या क्षणी तो रबर सोडेल त्याच क्षणी पाटीवर पाचाचे चार आणि दोनाचे बारा करून घ्या, पाच मिनिटांनी नको. काड्या आणि आकडे हातात हात घालून चालले तरच ‘हातचा’ म्हणजे काय ते उमगतं. नाहीतर काड्यांचा खेळ वेगळा आणि वहीतलं गणित वेगळं. तीन-चार गणितांनंतर काड्या झाकून ठेवा आणि ‘आता मनात जुडी सोड’ म्हणा. साधन कायम हातात ठेवणं हीसुद्धा चूकच आहे.

आपल्या सीमाभागातली खास गोष्ट, संख्यावाचन. काही मुलांच्या घरी आई कन्नड बोलते, वडील मराठी. कन्नडमध्ये २५ म्हणजे इप्पत्तैदु, आधी वीस मग पाच, जसं लिहायचं तसंच म्हणायचं. मराठीत पंचवीस, पाच आधी. ऐकून लिहिताना मूल ५२ लिहितं. ३९ ला कन्नडमध्ये काहीच अडचण नाही, मराठीत एकोणचाळीस ऐकलं की चाळीसच्या घरात जाऊन ४९ लिहिलं जातं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’सारखं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझं मत असं की रूढ नावं शिकवलीच पाहिजेत, बाजारात आणि एस.टी.त तीच लागतात. पण सुरुवातीला ‘पंचवीस, वीस आणि पाच’ असं जोडीनं म्हणून घ्यायला काय हरकत आहे? २० चं लांब कार्ड, त्यावर शून्य झाकेल असं ५ चं छोटं कार्ड. आणि कन्नड बोलणाऱ्या मुलाला आधी कन्नडमध्ये म्हणू द्या. एरवी मराठीत अडखळणारं ते मूल त्या दिवशी वर्गाला स्थानिक किंमत शिकवतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गुंठा दोरीनं आखा

क्षेत्रफळ ‘लांबी गुणिले रुंदी’ म्हणून पाठ करून घेतलं की मुलं परिमितीच्या गणितातही गुणाकार करतात. मी एक तास पटांगणावर घेतला, तो कुणालाही करता येईल असा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

गुंठा हा शब्द आपल्या प्रत्येक मुलानं ऐकलेला आहे. वाटणीच्या भांडणात, ऊस लावताना, प्लॉट विकताना. तो डोळ्यांनी मात्र कुणी पाहिलेला नसतो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट.

आधी वर्गातच चिठ्ठ्या वाटा आणि अंदाज लिहून घ्या: आपल्या पटांगणात किती गुंठे मावतील? अंदाज लिहून घेणं सोडू नका, त्याशिवाय मोजण्यात जीव येत नाही. मग दोरी, टेप आणि राखेनं आखायला डबा घेऊन बाहेर. चार मुलं चार कोपऱ्यांवर. कोपरा काटकोनात नसला तर चौकोन तिरका होतो, हे मुलांच्याच लक्षात येतं आणि ३-४-५ ची दोरी वापरायची आयती संधी मिळते: एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरकं अंतर बरोबर पाच भरलं की कोपरा काटकोन. सातवीची मुलं हे बघून थक्क होतात. आखून झाल्यावर पूर्ण वर्ग आत उभा करा. मग विचारा, “कडेनं चालत फिरलो तर किती फूट? आणि आत एक फुटाच्या फरश्या घालायच्या तर किती?” १३२ आणि १०८९. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की परिमिती आणि क्षेत्रफळ यांत पुन्हा गोंधळ सहसा होत नाही.

एक काळजी घ्या. ‘तुमची शेती किती गुंठे?’ असं वर्गात कधीही विचारू नका. दुसऱ्याच्या रानात कामाला जाणाऱ्यांची, भट्टीवरच्या कामगारांची मुलंही त्याच बाकावर आहेत. गणित पटांगणाचं ठेवा, ते सगळ्यांचं आहे.

मुलाची बोली आणि पुस्तकातला शब्द

विज्ञानाच्या तासाला “पाणी आटूलंय” असं उत्तर आलं आणि शिक्षकांनी ते ऐकून आधी भाषा सुधारली, ‘आटत आहे म्हणावं’. मुलगी खाली बसली. तिचं निरीक्षण बरोबर होतं, ते मात्र कुणीच ऐकलं नाही. असं करू नका. आधी उत्तर घ्या, ‘बरोबर, आणखी कुठे आटतं?’ विचारा. चार उदाहरणं आली की फळ्यावर ‘बाष्पीभवन’ लिहा. शब्द नंतर आला की चिकटतो, आधी आला की ओझं होतो. आणि प्रश्न आपल्या हवेतला विचारा. आषाढात कपडे दोन-दोन दिवस का वाळत नाहीत, आई ते चुलीवर दोरीला का टाकते? हवेतल्या आर्द्रतेचा धडा इथेच निम्मा झाला. जलचक्र शिकवताना खानापूर तालुक्यातलं कणकुंबी गाव घ्या. मलप्रभा तिथे उगम पावून पूर्वेला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हादई याच तालुक्यात उगम पावून गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे मुलांना नकाशावर बोटानं फिरवून बघू द्या.

कन्नड स्वतः शिका, हे मी कळकळीनं सांगते. कर्नाटकात शाळांमधून कन्नड शिकणं सक्तीचं आहे, परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, बी.ई.ओ. (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातला कागद वाचता यायला हवा. मराठी शाळा टिकवायची तर तिच्या शिक्षकाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये.

लहान शाळेत जाऊन या

आपण हायस्कूलचे म्हणून पहिली ते तिसरीच्या वर्गाकडे बघतसुद्धा नाही. एक दिवस काढा आणि नली-कलीचा वर्ग बघा. ही पद्धत आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेच्या कामावरून १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच.डी. कोटे तालुक्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. तिन्ही इयत्ता एकत्र, कार्डं, भिंतीवर शिकण्याची शिडी. काही मुलं शिक्षकांजवळ, काही सोबत्याच्या मदतीनं, काही एकटी. जंगलाकडच्या गावात दोन शिक्षकांवर शाळा चालते तिथे दुसरा मार्गही नाही. हे चांगलं चालतं तेव्हा मुलगी स्वतः शिडीवर बोट ठेवून ‘मी इथे आहे’ सांगते. वाईट चालतं तेव्हा कार्डं कपाटात धूळ खातात, आणि तपासणीच्या दिवशी जमिनीवर मांडली जातात.

छडी, टोमणा आणि गोंगाट

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी खरंच कमी झाली आहे. टोमणा तेवढाच आहे. ‘तुझी बहीण बघ कशी होती’, ‘तुझ्या डोक्यात कांदेबटाटे’, ‘उद्यापासून गुरं राखायला जा’. हे मी स्टाफरूममध्ये हसत सांगितलेलं ऐकलंय आणि वर्गात ज्याला म्हटलं त्याला दोन दिवस न येताना पाहिलंय. वर्गाबाहेर उभं करणंही तसंच. बाहेर उभा राहणारा बहुधा तोच असतो ज्याला आत बसायची सगळ्यात जास्त गरज आहे.

गोंगाट झाला की आवाज चढवू नका, उतरवा. बोलणाऱ्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन उभं राहून शिकवत राहा, नाव घेऊ नका. आणि स्वतःला विचारा, मुलांच्या हाताला काम होतं का? मी पाहिलेला निम्म्याहून जास्त गोंगाट शिक्षक फळ्यावर लांबलचक काही लिहीत असताना झालेला होता. फळ्यावर थोडं लिहा, वळा, बोला, पुन्हा लिहा. डावीकडची पट्टी आजच्या शब्दांसाठी ठेवा आणि ती तास संपेपर्यंत पुसू नका. तास सुरू व्हायच्या आधी एकदा शेवटच्या बाकावर बसून फळा दिसतो का ते बघा. खिडकीच्या उजेडानं निम्मा फळा चमकत असतो आणि तिथली मुलं बिचारी बोलत नाहीत.

रोपलावणीच्या दिवसांत हजेरी कमी होते. घरातल्या धाकट्याला सांभाळायला थोरली राहते. ती परतल्यावर ‘इतके दिवस कुठे होतीस?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर नको. दहा मिनिटं बाजूला बसवा, कुठपर्यंत येतं ते बघा, एक सोबतीण जोडून द्या. आणि एफ.ए.च्या, म्हणजे वर्षभरात मधूनमधून होणाऱ्या चाचणीच्या, आदल्या दिवशी तेच प्रश्न फळ्यावर सोडवून देण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, तिच्यात पडू नका. मार्क चढतात, पण मुलाला काय येत नाही हे कळायची एकच वेळ होती ती निघून जाते.

निघायच्या आधी

शेवटच्या आठवड्यात फाइल पुरी करायची घाई असते. सह्या, शिक्के, फोटो. त्यातून एक संध्याकाळ काढा आणि वर्गशिक्षकांसाठी एक कागद तयार करा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एकच ओळ, कामाला येईल अशी. ‘हातच्याची वजाबाकी काड्यांनी जमते, काड्यांशिवाय दोनांत एक चुकते.’ ‘दशांशात अजून मोठ्या आकड्याला मोठी संख्या म्हणते, टेप दाखवली की सुधारते.’ ‘तोंडी सगळं येतं, लिहिताना संख्या उलटते, घरी कन्नड.’ ‘चार महिन्यांत स्वतःहून कधी बोलला नाही, पाटीवर मात्र बरोबर लिहितो.’ हुशार, मध्यम, कच्चा असे शब्द घालू नका आणि मार्क लिहू नका. एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे वर्गशिक्षकांची बदली झाली तरी जूनमध्ये येणाऱ्या नव्या शिक्षकांना तो कागद मिळेल.